उजवे आजोबा, डावे बापू

(पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. आणि शेवटपर्यंत वाचल्याशिवाय 'तुम्ही नक्की कुठल्या बाजूचे' असं कमेंटमध्ये विचारू नका. घरात ते पन्नास वर्षं विचारून झालंय.)

२०२५ च्या जुलैत केरळचे माजी मुख्यमंत्री व्ही. एस. अच्युतानंदन गेले. वय १०१. बहुतेक बातम्यांत एक उल्लेख होता, की १९६४ साली कम्युनिस्ट पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेतून जे ३२ जण उठून बाहेर पडले त्यांतले ते शेवटचे हयात होते. माझ्या पुतण्याने ती बातमी घरच्या ग्रुपवर टाकली आणि खाली विचारलं, "काका, आपले पणजोबा कम्युनिस्ट होते ना? ते आत बसलेल्यांत की उठून गेलेल्यांत?"

मी लिहिलं, "एक आत, एक बाहेर."

त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. म्हणून हे लिहायला घेतलं, आणि लिहिता लिहिता पोस्ट झाली.

माझे आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ, ज्यांना आम्ही सगळे बापू म्हणायचो, दोघे मालवणाकडून मुंबईला आले आणि लोअर परळच्या एकाच गिरणीत साचेखात्यात लागले. आजोबा आधी आले. १९२८ चा सहा महिन्यांचा संप त्यांनी बदली कामगार म्हणून पाहिला, गिरणी कामगार युनियनची पावती तेव्हाच फाडली. बापू मागून आले, आणि त्यांना पक्षात आजोबांनीच आणलं. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे आजोबा चिडले की म्हणायचे, "माका लेनिन शिकवता. लेनिन कोण तां तुका सांगितल्यान कोणी?"

लालबागला दहा बाय बाराची खोली. दोन संसार, वर गावची तीन-चार माणसं पथारीला. भिंतीवर गणपतीच्या कॅलेंडरशेजारी डांग्यांचा फोटो. बाहेरच्यांना यात विसंगती वाटायची, आमच्याकडे कोणाला वाटली नाही. आजी दोघांनाही उदबत्ती ओवाळायची.

आता डांगे म्हणजे गिरणगावात काय होतं, हे आजच्या वाचकाला समजावणं अवघड आहे. १९२४ चा कानपूर कट खटला, मग मेरठ खटला, तुरुंगात गेलेली वर्षं, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अत्र्यांच्या बरोबरीने गाजवलेल्या सभा. १९५७ च्या निवडणुकीत ते मुंबईतून लोकसभेवर गेले. त्याच निवडणुकीत पक्षाचे २७ खासदार आले आणि काँग्रेसनंतरचा लोकसभेतला सर्वांत मोठा गट कम्युनिस्टांचा झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केरळात नंबुद्रिपाद मुख्यमंत्री झाले. माझा जन्म १९५७ चा. आजोबा मला मांडीवर घेऊन पाहुण्यांना सांगायचे, की हा पोरगा राज्य येताना जन्मलाय. राज्य यायचंच बाकी राहिलंय, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं.

सात वर्षांत त्या खोलीचे दोन भाग झाले.

१९६४ च्या मार्चमध्ये मुंबईच्या 'करंट' साप्ताहिकाने काही पत्रं छापली. कानपूर खटल्यात शिक्षा भोगत असताना डांग्यांनी ब्रिटिश सरकारला लिहिलेली म्हणून ती छापली होती, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सापडलेली. मतलब असा, की मला सोडा, मी तुमच्या उपयोगी पडेन. डांग्यांनी सांगितलं की पत्रं बनावट आहेत. विरोधी गट म्हणाला, चौकशी होईपर्यंत तुम्ही अध्यक्षस्थानी बसू नका. डांगे उठले नाहीत. ११ एप्रिल १९६४ ला राष्ट्रीय परिषदेतून ३२ जण बाहेर पडले. त्यांत सुंदरय्या, नंबुद्रिपाद, ए. के. गोपालन, ज्योती बसू, सुरजीत होते. मुजफ्फर अहमदही होते. मला या सगळ्या यादीत हेच नाव टोचतं. १९२४ च्या कानपूर खटल्यात डांग्यांच्या सोबत शिक्षा झालेला माणूस, बरोबर चाळीस वर्षांनी त्यांच्यासमोरून उठून गेला.

आमच्या खोलीत त्या दिवसांत काय झालं ते मी सात वर्षांच्या पोराच्या नजरेने सांगू शकतो, म्हणजे तुकड्यातुकड्याने. बापू कामावरून येऊन जेवायला न बसता उभेच बोलायचे. आजोबा विडी विझली तरी ओढत राहायचे. चीन हा शब्द खूप यायचा. मॉस्को यायचा. आणि आजी एकदा भाकरी थापता थापता ओरडली, "चीन खंय नि परळ खंय! दोगांचो झेंडो लालच मा? मगे भांडतास कित्याक?"

या प्रश्नाला दोघांनीही उत्तर दिलं नाही. मीही बरीच वर्षं हा प्रश्न गोष्ट म्हणून सांगत आलो आणि टाळ्या घेत आलो. आता वाटतं की मी आजीचा वापर केला. कारण भांडण 'कित्याक' होतं याला उत्तर होतं, आणि ते निव्वळ चीनचं नव्हतं.

चीनचा भाग खरा होताच. सोव्हिएत आणि चिनी पक्षांत जुंपली होती. १९६२ च्या युद्धात डांग्यांच्या गटाने चीनला आक्रमक म्हटलं आणि सरकारच्या बाजूने ठराव केला. नोव्हेंबरात भारत संरक्षण नियमांखाली धरपकड झाली ती मुख्यतः दुसऱ्या गटाची. तुरुंगात बसलेल्यांना वाटलं, आमच्याच माणसांनी आम्हाला दाखवून दिलं. असा संशय एकदा मनात शिरला की तो कुठल्या ठरावाने निघत नाही.

पण मूळ प्रश्न काँग्रेसचा होता. ३१ जुलै १९५९ ला नेहरू सरकारने केरळचं निवडून आलेलं सरकार बरखास्त केलं. तरीही नेहरूंच्या धोरणात पुरोगामी बाजू आहे, सोव्हिएतशी मैत्री आहे, सार्वजनिक उद्योग आहेत, तर काँग्रेसमधल्या चांगल्यांना हाताशी धरून पुढे जायचं की नाही? एक बाजू म्हणाली, जायचं. त्याला त्यांनी राष्ट्रीय लोकशाही म्हटलं. दुसरी बाजू म्हणाली, हे राज्य बड्या भांडवलदारांच्या पुढारपणाखाली भांडवलदार आणि जमीनदारांचं आहे, त्यांच्या गाडीत बसून कामगार कुठेही पोचणार नाही. त्यांनी जनतेची लोकशाही म्हटलं. शब्द ऐकायला मावसभाऊ वाटतात, पण ज्या कामगाराला उद्या काँग्रेसच्या उमेदवारासाठी मतं मागायची की त्याच्या विरोधात उभं राहायचं हे ठरवायचं आहे, त्याच्यासाठी फरक स्वच्छ होता. गिरणीत तर जास्तच. कारण मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार गिरणी कामगारांची मान्यताप्राप्त युनियन एकच, काँग्रेसवाल्यांची राष्ट्रीय मिल मजदूर संघ. संप लाल बावट्याने करायचा आणि करारावर सही संघाने करायची, हे आजोबा-बापूंनी आयुष्यभर पाहिलं होतं. बापू म्हणायचे, की ह्या संघवाल्यांच्या बापाशी दोस्ती करा म्हणून मी फाटकावर कुठल्या तोंडाने सांगू?

(संघ म्हणजे मिल मजदूर संघ. कमेंटमध्ये घोटाळा नको.)

तर वाद खरा होता. ज्यांना वाटतं की नेत्यांच्या अहंकारापायी पक्ष फुटला, त्यांनी त्या काळातले दोन्हीकडचे कार्यक्रम वाचावेत. अहंकार होताच, तो कुठे नसतो. पण माझा आक्षेप वेगळा आहे. खरा वाद हा होता, आणि प्रत्यक्षात भांडण झालं ते डांगे गद्दार की देव यावर. राज्याचं स्वरूप काय याचा निकाल एका पत्रावरच्या सहीवरून लावायला गेले. आमच्या खोलीत तर नक्कीच तसं झालं. काँग्रेसबद्दल आजोबा आणि बापू यांचं मत फारसं वेगळं नव्हतं. आजोबाही संघाला शिव्याच द्यायचे. पण डांग्यांनी माफी मागितली असेल हे त्यांना ऐकवत नव्हतं. आणि बापूंना ते एकदा खरं वाटल्यावर त्या फोटोखाली झोपवत नव्हतं.

बापूंनी एका संध्याकाळी भिंतीवरचा फोटो उलटा केला. फाडला नाही, नुसता उलटा केला. आजोबा पाळीवरून आले, फोटो सुलटा केला आणि म्हणाले, "उद्यापासून वायलो चूल मांड."

बापू काकींना आणि दोन पोरांना घेऊन डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत गेले. चालत वीस मिनिटांचं अंतर. मग सतरा वर्षं ते दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, एक प्रसंग सोडला तर. तो पुढे येईल.

त्या वर्षाअखेरीस दोन काँग्रेस भरल्या. ऑक्टोबरच्या शेवटी कोलकात्याला एक, डिसेंबरात इथे मुंबईत दुसरी. गंमत म्हणजे दोघांनीही आपापल्या अधिवेशनाला 'सातवं' म्हटलं. पहिली सहा दोघांचीही. पुढे तर जन्मतारखाही वेगळ्या झाल्या. भाकप २६ डिसेंबर १९२५ चं कानपूर धरतो, माकप १७ ऑक्टोबर १९२० चं ताश्कंद. एकाच आईची दोन पोरं आणि जन्मतारखेवर वाद. त्यामुळे एकाची शंभरी २०२० ला आली, दुसऱ्याची २०२५ ला.

चाळीतल्या लोकांनी एवढ्या भानगडीत न पडता साधं केलं. आमचे आजोबा 'उजवे' आणि बापू 'डावे'. गणपतीच्या वर्गणीच्या वहीत एकाच आडनावाचे दोन असल्यामुळे कंसात तसं लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय. उजवे हा शब्द आजोबांना शिवीसारखा लागायचा. चाळीस वर्षं लाल बावटा धरलेला माणूस, त्याला उजवा म्हणायचं!

किती नुकसान झालं? आकडे सांगतात त्यापेक्षा जास्त, आणि कधी कधी कमी. १९६५ ला केरळात दोघं समोरासमोर लढले. माकपला ४० जागा, भाकपला ३. माकपचे कित्येक जण तुरुंगातून निवडून आले, पण सरकार कोणाचंच झालं नाही. १९६७ ला लोकसभेत भाकपचे २३ आणि माकपचे १९, म्हणजे मिळून ४२. फुटण्याआधी १९६२ ला २९ होते. त्यामुळे फुटल्यावर मतं संपली असं म्हणता येत नाही. बंगाल आणि केरळात तर पुढची कित्येक वर्षं लाल वाढतच गेला. महाराष्ट्राची गोष्ट निराळी. इथे बहुतेक जुनी माणसं डांग्यांच्या मागे राहिली. नाना पाटीलही १९६७ ला भाकपकडूनच बीडमधून खासदार झाले. माकपकडे रणदिवे होते, पण ते दिल्ली-कोलकात्याचे झाले. आणि पालघर-तलासरीचे आदिवासी होते, जे गोदावरी आणि शामराव परुळेकरांसोबत आले. शामराव तर १९६५ च्या ऑगस्टमध्ये आर्थर रोडच्या तुरुंगातच वारले. बापू त्यांच्याबद्दल बोलायला लागले की आवाज बसायचा.

फुटायची सवय एकदा लागली की थांबत नाही. भाकपला मवाळ म्हणून बाहेर पडलेल्या माकपला तीनच वर्षांत तोच शब्द ऐकावा लागला. मे १९६७ ला नक्षलबाडीत पोलिसांनी गोळीबार केला तेव्हा बंगालच्या सरकारात माकपचे मंत्री होते. चारू मजुमदार, कानू सन्याल ही माकपचीच माणसं. २२ एप्रिल १९६९ ला, लेनिनच्या जन्मदिवशी, तिसरा पक्ष निघाला, भाकप माले. मग त्याचेही तुकडे, इतके की बोटं पुरत नाहीत. कोलकात्याच्या गल्ल्यांत कॉम्रेडनी कॉम्रेडना मारलं. आमच्याकडे निदान तेवढं झालं नाही, फोटो उलटा करण्यावर भागलं, याचं मला आज बरं वाटतं.

गिरणगावात खरा घाव बसला तो युनियनवर. पक्ष फुटला तरी सहा वर्षं आयटक एकच होती. मे १९७० च्या अखेरीस कोलकात्यात सिटू स्थापन झाली आणि फाटकावर दोन लाल झेंडे आले. लाल निशाणचा आधीपासून होताच, म्हणजे तीन. आणि त्यानंतर आठवड्याभरातच, ५ जूनला, लालबागला कृष्णा देसाईंचा खून झाला. भाकपचे परळचे आमदार, आमच्या भागातला दांडगा माणूस. मी तेरा वर्षांचा होतो. अंत्ययात्रेत आजोबांचा हात धरून चालत होतो. एका ठिकाणी गर्दी थांबली तेव्हा पलीकडे बापू दिसले, डोळे लाल. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलतील. आजोबांनी माझा हात घट्ट धरला आणि पुढे निघाले.

ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या आणि पडल्या. वामनराव महाडिक निवडून आले, शिवसेनेचे पहिले आमदार. फूट पडली म्हणून सेना आली असं सरळ गणित मी मांडणार नाही. आमच्याच खोलीत वर झोपणारी गावची पोरं सेनेत गेली. त्यांना नोकरी हवी होती, आणि 'मराठी माणूस' या शब्दात त्यांना जे मिळालं ते 'कामगार वर्ग' या शब्दात मिळत नव्हतं. त्याचा विचार दोन्ही पक्षांनी केला नाही. ते तेव्हा एकमेकांच्या पावत्या मोजत होते. आजोबा एकदा अभिमानाने सांगत आले की अमुक खात्यात डाव्यांच्या सात पावत्या आपल्याकडे आल्या. त्या खात्यात त्याच महिन्यात सेनेच्या किती झाल्या, ते मात्र कोणी मोजलं नव्हतं.

आता तो एक प्रसंग.

१९७५ चा पावसाळा. आणीबाणी. भाकपचा आणीबाणीला पाठिंबा, म्हणजे आजोबांच्या पक्षाचा. माकपचा विरोध, आणि त्यांची धरपकड सुरू. बापू काही मोठे पुढारी नव्हते, पण विभागातलं नाव होतं. एका रात्री अकराच्या सुमारास दार वाजलं. भिजलेले बापू. आजीने दार उघडलं आणि काही न विचारता आत घेतलं. आजोबा खाटेवर जागे होते. बापू पोटमाळ्यावर चढले. नऊ दिवस होते. आजी वर ताट द्यायची. आजोबा आणि बापू, मधे फळ्यांचं छत, एक शब्द नाही. माझे वडील तेव्हा त्याच गिरणीत, मी कॉलेजात. आम्हाला ताकीद होती की बाहेर बोलायचं नाही.

पाचव्या की सहाव्या दिवशी साध्या कपड्यातला पोलीस आला. आजोबांना ओळखत होता. म्हणाला, बाबा, तुमचा पक्ष तर सरकारबरोबर आहे, भाऊ आला तर कळवाल ना? आजोबा म्हणाले, "भाव? माका भाव नाय. अकरा वर्षां झाली."

पोलीस गेला. वरून कसलाच आवाज आला नाही. त्या वाक्यात आजोबांनी भावाला वाचवलं की त्याला शेवटचं तोडलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. बहुतेक दोन्ही. बापू नवव्या रात्री गेले तेव्हा आजोबांच्या उशाशी विड्यांचं एक बंडल ठेवून गेले. आजोबांनी ते बरेच दिवस ठेवलं, मग ओढलं.

१९७८ ला भाकपने भटिंड्याच्या अधिवेशनात मान्य केलं की आणीबाणीला पाठिंबा ही चूक होती. एवढं सरळ मान्य करणारे पक्ष आपल्याकडे किती? पण डांग्यांना ते पटलं नाही. त्यांची काँग्रेसबद्दलची भूमिका बदलली नाही, आणि १९८१ ला भाकपनेच डांग्यांना पक्षातून काढलं.

ज्या डांग्यांसाठी आजोबांनी भावाला वेगळी चूल मांडायला सांगितली, त्या डांग्यांना आजोबांच्या पक्षाने काढलं. ओळखीतले काही जण डांग्यांबरोबर नव्या पक्षात गेले. आजोबांना दोन्हीकडून माणसं बोलवायला यायची. ते कुणालाच हो म्हणाले नाहीत. एका रविवारी सकाळी धोतर नेसले, काठी घेतली आणि मला म्हणाले, "चल, डिलाईल रोडला जाऊन येवया."

वीस मिनिटांच्या वाटेला आम्हाला पाऊण तास लागला. बापूंच्या खोलीत चहा झाला. गावच्या आंब्याच्या कलमांचं बोलणं झालं, कोणाच्या गुडघ्याला कुठलं तेल चालतं हे झालं. पक्षाचं नाव नाही. मला आपला राग येत होता. म्हटलं, सतरा वर्षं ज्यापायी घालवली त्यावर एक वाक्य तरी बोला! निघताना बापूंनी फक्त विचारलं, "फोटो हा अजून?" आजोबा म्हणाले, "हा."

मग १९८२ च्या जानेवारीत दत्ता सामंतांचा संप. अडीच लाख गिरणी कामगार बाहेर. माझे वडील त्यात होते, पण लाल बावट्याच्या कुठल्याच युनियनमधून नाही, सामंतांच्या. आजोबांनी विचारलं तेव्हा वडील म्हणाले, तुमचे तीन झेंडे आहेत, त्यांतला कुठला घेऊ ते आधी ठरवून सांगा. आजोबा गप्प. वडील वाईट बोलले असं मला तेव्हा वाटलं. पण फाटकावरच्या तरुण कामगाराला जे वाटत होतं तेच ते बोलले. पुढे त्या संपाचं, गिरण्यांचं आणि आमच्या घराचं काय झालं ते वेगळं लिहावं लागेल. मी तोवर बँकेत चिकटलो होतो. तिथेही कर्मचाऱ्यांच्या दोन संघटना, एक ह्यांच्या विचाराची, एक त्यांच्या. जेवणाच्या सुट्टीत डबे मात्र एकाच टेबलावर उघडायचे.

आजोबा १९८४ ला गेले. भाकपचे शाखेतले दोघं झेंडा घेऊन आले. थोड्या वेळाने डांग्यांच्या नव्या पक्षातले जुने सोबती आले, त्यांच्याकडेही झेंडा. बापू आले, त्यांच्या पिशवीतही एक होता, मी पाहिला. तिरडीपाशी कुजबुज सुरू झाली. कोणाचा आधी, कोणाचा वर. आजी उठली आणि म्हणाली, "झेंडे ऱ्हवांदेत. तेंच्या गिरणीतली चादर घाला."

चादर घातली. भोईवाड्याला बापूंनी 'लाल सलाम' म्हटलं. काहींनी साथ दिली, काही गप्प राहिले.

हे सगळं आज लिहायचं कारण फक्त अच्युतानंदन नाहीत. दर निवडणुकीनंतर कोणीतरी लिहितं, सगळ्या कम्युनिस्टांनी एक व्हावं. २०२४ च्या लोकसभेत माकपचे ४, भाकपचे २, माले लिबरेशनचे २. महाराष्ट्र विधानसभेत कम्युनिस्टांचा आमदार एक, डहाणूचा. म्हणजे परुळेकरांनी केलेल्या कामाच्या जागी. भाकपचा राष्ट्रीय पक्षाचा दर्जाही २०२३ ला गेला. बेरीज करा की, लोक म्हणतात. मलाही मोह होतो. पण १९६४ ला ज्या प्रश्नावरून फाटलं तो प्रश्न, म्हणजे मोठ्या शत्रूविरुद्ध काँग्रेसबरोबर किती आणि कुठवर जायचं, तो आजही प्रत्येक राज्यात वेगवेगळा उभा आहे. केरळात समोरासमोर, इतर ठिकाणी एका मंचावर. त्यावर न बोलता एक होणं म्हणजे आजोबा-बापूंनी आंब्याच्या कलमांवर बोलण्यासारखं आहे. त्याने चहा होतो. पक्ष होईल की नाही, मला शंका आहे. माझ्या काही माकपवाल्या आणि भाकपवाल्या मित्रांना हे आवडणार नाही. त्यांनी फोन करावा, ब्लॉक करू नये.

आता कामाचं. बापूंची नात परवा खोली रिकामी करताना एक पत्र्याची पेटी घेऊन आली. त्यात 'जीवनमार्ग'चे अंक, पावत्या, बिल्ले. आमच्याकडे आजोबांचे 'युगांतर'चे अंक आहेत, वाळवीने निम्मे खाल्लेले. १९६४ आधीच्या पावत्या दोघांच्या सारख्याच आहेत, एकाच हस्ताक्षरात. आम्ही दोघं मिळून सगळं स्कॅन करून घेतोय. गिरणगावात ज्यांच्या घरी युनियनच्या पावत्या, बिल्ले, सभांची हँडबिलं, अंत्ययात्रांचे फोटो असतील, कुठल्याही झेंड्याचे, त्यांनी मला इनबॉक्स करा. मोबाईलवर फोटो काढून पाठवला तरी चालेल. टॉवरमध्ये शिफ्ट होताना पहिलं रद्दीत हेच जातं. शक्यतो फोटोमागे काही लिहिलेलं असेल तर मागची बाजूसुद्धा पाठवा.